आभार कुणाचे मानायचे, ते पोरांना कोण सांगणार?

साथींनो,

मोजणीच्या, दाव्यांच्या आणि केसेसच्या बातम्या आतल्या पानांवर आहेत, त्या वाचाच. संपादकीय मात्र या वेळी एका सणावर आहे. तो सण आपला नाही, अमेरिकेचा आहे. काही साथी म्हणतील, इथे पेरलेल्या रानातून आपल्याला हुसकतायत आणि ह्यांना अमेरिका सुचतेय! पण शेवटपर्यंत वाचा. तो सण जेवणाचा दिसतो, आहे मात्र जमिनीचा.

आत्ताच का लिहितोय ते सांगतो. यंदाचं १९९३ साल संयुक्त राष्ट्रसंघाने जगातल्या मूळनिवासी लोकांचं वर्ष म्हणून जाहीर केलंय. त्यामुळे लांबलांबच्या आपल्यासारख्या लोकांची माहिती हातात येते आहे. आणि दुसरं म्हणजे आपल्या पाड्यांवर बालवाड्या सुरू झाल्यात. तिथे शिकवणाऱ्या ताई-दादांनी मागच्या शिबिरात एकच प्रश्न धरून ठेवला होता. एवढ्याशा पोरांना इतिहास सांगायचा कसा? मारहाणीच्या, गोळीबाराच्या गोष्टी पाच वर्षांच्या पोराला सांगायच्या का? नाही सांगायच्या, तर मग सांगायचं काय?

अमेरिकेतल्या शाळांपुढे हाच प्रश्न दर नोव्हेंबरात येतो. तिथे कित्येक पिढ्या त्याचं उत्तर चुकीचं दिलं गेलं. ते कुठे चुकलं हे बघितलं तर आपल्याला उपयोग होईल.

सण काय आहे

नोव्हेंबर महिन्यातल्या चौथ्या गुरुवारी अमेरिकेत सगळ्यांना सुट्टी असते. यंदा ती २५ तारखेला आहे. सणाचं नाव थँक्सगिव्हिंग, म्हंजे आभार मानायचा दिवस. घरचे सगळे जमतात, टर्की नावाचा मोठा पक्षी भाजतात, मका, भोपळा असं नव्या पिकाचं जेवण करतात आणि वर्षभर जे मिळालं त्याबद्दल देवाचे आभार मानतात. ह्यात वाईट काही नाही. आपण नाही का नवं पीक आधी देवाला दाखवत, मग तोंडात घालत?

घोळ आहे तो सणाबरोबर पोरांना जी गोष्ट सांगतात त्यात. बालवाडीपासून सांगतात ती अशी. खूप वर्षांपूर्वी, १६२० साली, मेफ्लॉवर नावाच्या जहाजातून काही गोरे लोक इंग्लंडहून आले. धर्मासाठी त्यांचा छळ होत होता म्हणून आले. थंडीत त्यांचे हाल झाले. मग भले इंडियन भेटले, त्यांनी मका लावायला शिकवलं. पीक चांगलं आलं. मग सगळ्यांनी एकत्र बसून मेजवानी केली. संपली गोष्ट. वर्गातली अर्धी पोरं काळ्या कागदाच्या टोप्या घालून गोरे होतात. उरलेली अर्धी डोक्याला रंगीत कागदाची पिसं बांधून इंडियन होतात. सगळे मिळून खाऊ खातात आणि घरी जातात.

आता ह्या गोष्टीत त्या इंडियनांचं नाव काय? नाव नाही. ते कुठून आले, पुढे त्यांचं काय झालं? काही नाही. जेवण झालं की ते गोष्टीतून उठून निघून जातात. डोक्याला जी पिसं बांधतात ती पद्धतसुद्धा त्या लोकांची नव्हे, ती हजारो मैल दूरच्या माळावरल्या जमातींची.

तीन उसनवाऱ्या

त्या लोकांचं नाव वाम्पानोआग. आजच्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या समुद्रकाठचे ते राहणारे. मका, भोपळा, घेवडा लावायचे, मासे धरायचे, शिकार करायचे. गोरे आले तेव्हा त्यांच्या मोठ्या प्रमुखाचं नाव उसामेक्विन होतं. त्याला मॅसासोइट म्हणतात, पण तो त्याचा हुद्दा होता.

गोऱ्यांनी जिथे वस्ती केली, ज्याला प्लिमथ नाव दिलं, तिथे आधी पटक्सेट नावाचं वाम्पानोआगांचं गाव होतं. १६१६ ते १६१९ या काळात त्या किनाऱ्यावर साथ आली. गोऱ्यांची जहाजं तिथे आधीपासून येत-जात होती, त्यांच्याबरोबर आलेला तो रोग. गावंच्या गावं मेली. पटक्सेट पूर्ण रिकामं झालं. साफ केलेली, मशागत केलेली शेतं मागे राहिली. गोरे आले आणि त्या तयार जमिनीवर बसले. इंग्लंडच्या राजाने १६२० मध्ये त्या मुलखाची सनद दिली, त्यात ही साथ म्हणजे देवाचीच करणी आणि आता ती जमीन रिकामी आहे असं लिहिलंय. बघा, कागद कसा बोलतो! माणसं मेली की जमीन ‘पडीक’ होते. हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. ही पहिली उसनवारी, जमिनीची.

दुसरी बियाण्याची. १६२० च्या नोव्हेंबरात गोरे किनाऱ्यावर फिरत होते तेव्हा त्यांना जमिनीत पुरून ठेवलेल्या मक्याच्या टोपल्या सापडल्या. कुणाच्या तरी घरचं ते पुढच्या सालचं बी होतं. त्यांनी ते उचललं. पुढे त्यांनी त्याची भरपाई केली, हेही सांगायला पाहिजे. पण ते बी नसतं तर आपण उपाशी मेलो असतो, असं त्यांच्याच गव्हर्नरने लिहून ठेवलंय.

तिसरी उसनवारी विद्येची. मका कसा लावायचा, खळग्यात खत म्हणून मासे कसे घालायचे हे त्यांना टिस्क्वान्टम नावाच्या माणसाने शिकवलं. आपण भाताला राब करतो, तशी ती तिथली रीत. हा टिस्क्वान्टम त्याच पटक्सेट गावचा. पोरांना त्याचं नाव सांगतात, ‘गोऱ्यांचा मित्र’ म्हणून. पण तो इंग्रजी बोलायला शिकला कुठे, ते सांगत नाहीत. १६१४ साली हंट नावाच्या एका इंग्रज कप्तानाने त्याला आणि आणखी वीसेक जणांना फसवून जहाजात घातलं आणि स्पेनमध्ये विकायला नेलं. तिथून तो कसाबसा इंग्लंडला पोचला. १६१९ मध्ये आपल्या मुलखात परत आला, तर गावात एक माणूस जिवंत नाही. आई-बाप, सोयरे, सगळे गेलेले. ज्या माणसाला पळवून विकलं, त्यानेच ह्या लोकांना पेरायला शिकवलं.

पहिल्या थंडीत जहाजावरच्या शंभरेक माणसांतली निम्मी मेली होती. म्हंजे १६२१ ची मेजवानी झाली ती दुसऱ्याच्या जमिनीवर, दुसऱ्याच्या बियाण्यावर, दुसऱ्याच्या विद्येवर. तीन दिवस चाललेल्या त्या जेवणाला गोरे पन्नासेक होते. उसामेक्विन नव्वद माणसं घेऊन आला आणि त्याच्या माणसांनी पाच हरणं मारून आणली. आता पोरांनाच विचारा, पाहुणा कोण आणि यजमान कोण?

आणखी एक. ह्या गोष्टीत वाम्पानोआगांना भोळं दाखवतात. ते खरं नाही. साथीने त्यांची माणसं निम्म्याहून कमी झाली होती. शेजारची नॅरागॅन्सेट जमात मात्र जोरात होती. उसामेक्विनने विचार करून गोऱ्यांशी करार केला: तुमच्यावर कुणी चालून आलं तर आम्ही येऊ, आमच्यावर आलं तर तुम्ही या. तो आपल्या लोकांचा विचार करणारा पुढारी होता. ‘भोळा आदिवासी’ हे कौतुक वाटतं, पण त्यात आपली अक्कल काढून घेतलेली असते. आपल्यालाही हे कौतुक फार मिळतं, म्हणून सांगितलं.

पुढचं पान

उसामेक्विन जिवंत होता तोवर करार टिकला. पण जहाजं येत राहिली. गोऱ्यांची गुरं वाम्पानोआगांच्या मक्यात शिरायची. विक्रीचे कागद व्हायचे, कर्ज फेडायला जमीन जायची, तक्रार केली तर कोर्ट गोऱ्यांचं. सावकार, अंगठा आणि कचेरी हे तिघं आपल्याकडेच आहेत असं समजू नका.

शेजारच्या पीक्वॉट जमातीचं मिस्टिक इथलं गाव १६३७ साली गोऱ्यांनी पहाटे पेटवलं. आतली शेकडो माणसं, बाया आणि पोरं धरून, मेली. त्या विजयाबद्दल गोऱ्यांच्या चर्चांमध्ये आभाराचा दिवस पाळला गेला.

उसामेक्विनचा मुलगा मेटाकॉम. १६७५ साली तो लढायला उठला. वर्षभर लढाई चालली. १६७६ च्या ऑगस्टमध्ये त्याला मारलं, शरीराचे तुकडे केले. त्याचं मुंडकं प्लिमथला आणलं तो दिवस तिथे आभाराचा दिवस म्हणून पाळत होते. बापाने पाच हरणं आणली त्याच गावात पंचावन्न वर्षांनी मुलाचं डोकं खांबावर लावलं. ते वीसेक वर्षं तिथे होतं. त्याचा नऊ वर्षांचा पोरगा गोऱ्यांच्या हाती लागला. त्या पोराला मारावं की विकावं ह्यावर धर्मगुरूंनी बायबल उघडून चर्चा केली आणि शेवटी गुलाम म्हणून विकला. नऊ वर्षं म्हंजे आपल्या चौथीतलं पोर.

आजचा सण थेट ह्या दिवसांतून आला असं आमचं म्हणणं नाही. सुगीनंतर आभाराचा दिवस पाळायची त्या भागात जुनी पद्धत होती. सेरा जोसेफा हेल नावाच्या बाईने वर्षानुवर्षं लिहून तो सगळ्या देशाचा दिवस व्हावा म्हणून प्रयत्न केले. तिथल्या यादवी युद्धात, १८६३ साली, राष्ट्राध्यक्ष लिंकनने तसं जाहीर केलं. त्या जाहीरनाम्यात १६२१ च्या मेजवानीचं नाव नाही, वाम्पानोआगांचंही नाही. लिंकनला आपण गुलामांची सुटका करणारा म्हणून मानतो आणि ते बरोबर आहे. पण त्याच्या आदल्या वर्षी डिसेंबरात त्याच्याच मंजुरीने डकोटा जमातीच्या ३८ माणसांना मँकॅटो गावी एकाच वेळी फाशी दिलं, हेही त्याच पुस्तकात पाहिजे. मेजवानीची गोष्ट सणाला पक्की चिकटली ती नंतर. देशोदेशींची माणसं अमेरिकेत येत होती, त्यांच्या पोरांना ‘अमेरिकन’ करायला शाळांना एक गोड गोष्ट पाहिजे होती. १९४१ साली कायद्याने चौथा गुरुवार ठरला.

ते संपले नाहीत

गोड गोष्टीतलं सगळ्यात मोठं खोटं म्हणजे ते लोक होते आणि आता नाहीत. वाम्पानोआग आहेत. १९७० साली प्लिमथला जहाज येऊन ३५० वर्षं झाली म्हणून समारंभ होता. तिथे बोलायला वाम्पानोआगांतल्या वॅम्सुटा फ्रँक जेम्स यांना बोलावलं. ते शाळेत संगीत शिकवणारे मास्तर. भाषण आधी दाखवा म्हणाले. त्यात कबरी उकरल्याचं, मका उचलल्याचं, जमीन गेल्याचं खरंखरं लिहिलेलं होतं. आयोजक म्हणाले, हे नाही चालायचं. दुसरं लिहून देतो ते वाचा. जेम्स मास्तरांनी नकार दिला. त्या वर्षी थँक्सगिव्हिंगच्या दिवशी ते आणि त्यांचे साथी प्लिमथच्या टेकडीवर मॅसासोइटच्या पुतळ्यापाशी जमले आणि त्यांनी तो दुखवट्याचा दिवस म्हणून पाळला. तेव्हापासून दरवर्षी त्याच दिवशी त्याच टेकडीवर लोक जमतात. यंदाही जमतील.

त्यांच्यातले मॅशपी गावचे लोक १९७६ मध्ये जमिनीसाठी कोर्टात गेले. कोर्ट म्हणालं, जमिनीचं राहू द्या, आधी तुम्ही जमात आहात हे सिद्ध करा. बोस्टनच्या कोर्टात चाळीस दिवस साक्षी झाल्या. १९७८ च्या जानेवारीत पंचांनी निकाल दिला तो ऐका. १७९० मध्ये जमात नव्हती. १८३४ मध्ये होती. १८४२ मध्ये होती. १८६९ आणि १८७० मध्ये नव्हती. १९७६ मध्ये नाही. तेव्हा दावा फेटाळला. माणसं तीच, गाव तेच, पोटी पोरं होत राहिली, आणि कागदावर जमात कधी आहे, कधी नाही!

साथींनो, त्याच १९७८ सालची ३१ मार्च ही तारीख आपल्या इथे लहान पोरालाही पाठ आहे. त्या तारखेआधी कसत होतात तर दाखवा कागद. आजोबाने राब केला तेव्हा पावती कुणी फाडली होती? ज्याच्यापाशी दंडाची पावती आहे त्याचं ‘अतिक्रमण’ जुनं, ज्याला कधी दंडच झाला नाही त्याच्यापाशी पुरावा नाही. मॅशपीचे लोक आपले सोयरे नाहीत, पण तारखेचा हा खेळ दोघांचा एकच आहे.

मग पोरांना सांगायचं काय?

तिथले काही शिक्षक, आई-बाप म्हणतात, पोरं लहान आहेत, सणाच्या दिवशी मुंडक्यांच्या गोष्टी कशाला? ह्यात तथ्य आहे. पाच वर्षांच्या पोराला मेटाकॉमचं डोकं दाखवायचं नसतं. पोर रात्री झोपणार नाही, आणि भीतीने कुणी शहाणं होत नाही. पण कमी सांगणं वेगळं आणि खोटं सांगणं वेगळं. पोराला आपण भाकरीचा तुकडा लहान करून देतो, म्हणून मातीचा देत नाही.

पाच-सहा वर्षांच्या पोराला एवढं नक्की समजतं. इथे आधीच माणसं राहत होती. त्यांचं नाव वाम्पानोआग. त्यांना आई-बाप होते, शेत होतं, पोरं होती. उपाशी पाहुणे आले. यांनी त्यांना पेरायला शिकवलं आणि बरोबर बसून जेवले. पुढे पाहुण्यांनी त्यांची जमीन घेतली. ते चूक होतं. ते लोक आजही आहेत. झालं. ह्यात रक्त नाही आणि एक शब्द खोटा नाही. उसनं घेतलं आणि परत दिलं नाही, हे बालवाडीतल्या पोराइतकं कुणालाच कळत नाही. त्याचा गोटा कुणी घेतला तर ते आठवडाभर विसरत नाही.

आठ-नऊ वर्षांच्या पोराला साथ, पळवून नेलेला टिस्क्वान्टम, कागद आणि कर्ज हे सांगता येतं. बारा-तेराव्या वर्षी मिस्टिक, मेटाकॉम आणि मॅशपीचं कोर्ट सगळंच सांगायचं. मोठं होताना पोराला पुढचं पान मिळालं पाहिजे, आधी शिकलेलं पान फाडायची वेळ येऊ नये. आज तिथे होतं ते असं, की पोर सहाव्या वर्षी गोड गोष्ट शिकतं आणि अठराव्या वर्षी खरं कळलं की म्हणतं, मला फसवलं. मग ते आभारावरही विश्वास ठेवत नाही.

दोन गोष्टी आणखी सांभाळायच्या. कागदाची टोपी घातलेल्या त्या गोऱ्या पोराने कुणाचा मका उचललेला नाही. त्याला गुन्हेगार करायचं नाही. आपण ज्या जेवणावर बसलोय ते कुणाकडून आलं, एवढं मात्र त्याला कळलं पाहिजे. आणि वाम्पानोआगांच्या पोराला नुसतं रडायला शिकवायचं नाही. त्याच्या लोकांना गोऱ्यांनी आभार मानायला शिकवलेलं नाही. पिकाचे, फळांचे, सृष्टीचे आभार मानायचे त्यांचे स्वतःचे दिवस वर्षभर होते, गोरे यायच्या कितीतरी आधीपासून.

आमच्या मते ह्या सगळ्याचं सार एकच. आभार मानायचे तर ज्याचे मानायचे त्याचं नाव घ्यावं लागतं. त्याच्याकडून जे घेतलं ते कबूल करावं लागतं. नाव न घेता मानलेले आभार हे हिशेब बुडवायचं काम करतात. देवाने दिलं म्हटलं की माणसाला काही परत द्यावं लागत नाही.

आपल्या पाड्यांवर

आता आपलं बघू. आपल्याकडे वाघबारस आत्ताच झाली. गुराखी पोरं घरोघर फिरून दाणे मागतात, वाघदेवापाशी जातात. त्या देवाच्या लाकडावर, दगडावर वाघ असतो, वर चंद्र-सूर्य असतात. गुरं राखली म्हणून त्याचं देणं द्यायचं. नवं भात आलं की कणसरीला आधी. म्हंजे आपल्या पोरांना आभार शिकवायला बाहेरचं कुणी नको. आपल्याला पाहिजे ती त्याला जोडून आपली गोष्ट.

कारण शाळेत पोराला दुसरीच गोष्ट मिळते. जंगल सरकारचं, आदिवासी अडाणी, सरकारने शाळा दिली, कपडे दिले, तेव्हा आभार माना. स्नेहसंमेलनात आपल्याच पोरांना कमरेला पाला आणि डोक्याला पिसं बांधून ‘आदिवासी’ करतात आणि हू हू करायला लावतात. आपल्या कुठल्या म्हाताऱ्याने कधी डोक्याला पिसं बांधली होती? अमेरिकेतल्या बालवाडीतला तो कागदाचा इंडियन आपल्या शाळेच्या स्टेजवर येऊन नाचतोय. आणि तेच पोर घरी येतं तेव्हा बापाच्या नावावर नोटीस आलेली असते, त्यात शब्द असतो ‘अतिक्रमणदार’. पोराने कुठलं खरं धरायचं?

१९४५ साली आपल्याच भागातल्या वारल्यांनी वेठ नाकारली, लग्नगडी मोडली. त्यात माणसं गोळीने मेली. आज आपलं पोर सावकाराच्या वाड्यावर फुकट राबत नाही ते कुणामुळे? आभार मानायचे तर आधी त्यांचे. पण त्या म्हाताऱ्यांपैकी जे जिवंत आहेत त्यांना पाड्यावरची पोरं नुसती ‘आजा’ म्हणून ओळखतात. त्याने काय केलं ते पोरांना ठाऊक नाही. उद्या आजा गेला की ते पानही गेलं. मग कुणीतरी येऊन गोड गोष्ट सांगेल, की वेठ दयाळू कायद्याने आपोआप संपली.

म्हणून बालवाड्यांच्या ताई-दादांना आणि गाव समित्यांना ह्या अंकातून चार कामं सांगतो.

एक. प्रत्येक पाड्यावर पोरांना घेऊन म्हाताऱ्यांकडे जा. हे रान पहिलं कुणी साफ केलं, ह्या ओहोळाचं, ह्या टेकडीचं नाव काय आणि ते का पडलं, हे पोरांनी विचारायचं. मोठी पोरं लिहितील, छोटी पोरं चित्र काढतील.

दोन. त्या म्हाताऱ्याचं वय, त्याने कसायला लागल्याचा काळ, शेजारी कोण कसत होतं, हे तारीख घालून लिहा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या किंवा अंगठे घ्या. पोरांचा अभ्यास होईल आणि दाव्याच्या कामालाही येईल.

तीन. १९४५ चं सांगताना लहान पोरांना एवढंच सांगा: आपल्या आजा-आजीला फुकट राबवायचे, ते एकत्र झाले, नाही म्हणाले, म्हणून ते थांबलं. गोळीबाराचं मोठ्या पोरांना सांगा, नावं घेऊन सांगा. गाळू नका आणि फुगवूही नका. आपली बाजू खरी आहे, तिला तिखटमीठ लागत नाही. आपल्यातल्याच कुणी सावकाराची बाजू घेतली असेल तर तेही मोठ्यांना सांगायचं. आपलीही गोड गोष्ट होऊ द्यायची नाही.

चार. शाळेत पाला-पिसं बांधायला लावली तर आई-बापांनी गुरुजींना भेटा. भांडायला नको, आधी नीट सांगा. आपला तारपा आहे, आपला नाच आहे, आपले कपडे आहेत, ते दाखवा म्हणावं.

डिसेंबरच्या शिबिरात प्रत्येक बालवाडीने आपापली चित्रं आणि वह्या आणायच्या आहेत. चांगल्या गोष्टी पुढच्या अंकापासून एकेक करून छापू. स्टेन्सिल महाग झालंय, पण ह्याच्यासाठी दोन पानं वाढवू.

२५ तारखेला प्लिमथच्या टेकडीवर वाम्पानोआग आणि त्यांचे साथी थंडीत उभे राहतील. त्यांना आपलं नाव ठाऊक नाही. आपल्या पोरांना त्यांचं नाव ठाऊक होऊ दे. त्या दिवशी बालवाडीत पोरांना वर सांगितली तेवढी छोटी गोष्ट सांगा, आणि गोष्ट संपल्यावर एकच प्रश्न विचारा: आपण आज जे जेवलो, ते कुणाकुणामुळे? पोरं सांगतील तेवढी नावं फळ्यावर लिहून ठेवा. संध्याकाळी आई-बाप न्यायला येतील, त्यांनाही वाचू द्या.

जिंदाबाद!